बेबीनंदाचे डोळे

"थरथरतंय," बेबीनंदा म्हणाली. "नीट समोर बघितलं तर न्हाई कळत. जरा बाजूला बघितलं की डोळ्याच्या कोपऱ्यात थरथरतंय."

अजमतने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. बद्रीनाथशेठचा निरोप आला म्हणून तो जालन्याहून एसटीने वडीगोद्रीला आला होता. हायवेला लागून असलेल्या त्या छापखान्यात दोन कॉम्प्युटर होते. एकावर बेबीनंदा लग्नपत्रिका आणि हँडबिलं तयार करायची, दुसऱ्यावर कारभारीकाका मजकूर टाइप करायचे.

सहा वर्षं अजमत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होता. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून लोक बोलवायचे. डोळ्यांना सोसत नाही म्हणून बोलावणारी ही पहिलीच.

"आठ दिवस झाले, हिचं डोकं दुखून राह्यलं," शेठ वैतागून म्हणाले. "लगीनसराई तोंडावर. आधी टाइपिंगला असलेल्या शिवाजीचे डोळे दुखायला लागले तवा दुसऱ्या दिवशी कायमचं घरी पाठवलं त्याला. हिला कसं पाठवू? हिच्यासारखी पत्रिका अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत न्हाई." मग त्यांनी आतल्या टेबलाकडे हात केला. "हे काका बघ. साठीला आले. तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मंग हे शिकले. कधी तक्रार केली का? बिलकुल न्हाई. अन् ही पंचविशीतली पोर!"

काकांची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

अजमतने सेटिंग उघडलं. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने उजळत होता. तो आकडा त्याने पंचाहत्तर केला. आतल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला तेवढंच झेपत होतं.

"आता बघा ताई. बरं वाटतं का?"

तिने पडद्याकडे पाहिलं. "उद्या सांगते."

"आत्ताच सांगा की."

"न्हाई अजमतभाई. दिवसभर बसल्याशिवाय काय कळणार? उद्या फोन करते."

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून तिचा फोन आला. "थरथर कमी झाली. पण अक्षराची कड दुहेरी दिसते. 'ष'चं पोट भरून येतं, 'प' का 'ष' तेच समजत न्हाई."

अजमत चाटच पडला. त्याने तो पडदा नीट पाहिला होता. कड जराशी पुसट होती खरी, पण इतकी बारीक गोष्ट एवढ्या नेमक्या शब्दांत सांगणारं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नव्हतं. त्याने जालन्यातल्या तीन दुकानांतून तीन ग्राफिक्स कार्डं मागून आणली. घरी एकेक लावून, पांढऱ्या पानावर बारीक मजकूर भरून पाहिला. बायको मैमूना जेवायला हाका मारून थकली.

"किसके वास्ते इत्ता?" तिने विचारलं.

"एक बाई है वडीगोद्री में. ऐसी नजर मैं आजतक नै देखा."

सगळ्यांत साफ अक्षर देणारं कार्ड घेऊन तो पुन्हा गेला. सोबत गोधडीत गुंडाळलेला सतरा इंची मॉनिटरही नेला, अट एवढीच की पसंत पडला तर ठेवायचा. आता पंच्याऐंशीवर पडदा कसा शांत उभा राहिला. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत होतं म्हणून त्याने टेबल फिरवलं, पडद्याचा उजेड उतरवला, पांढरा रंग जरा पिवळट केला.

"आता?"

"उद्या सांगते," बेबीनंदा हसून म्हणाली.

उद्याचा फोन असा होता, "अक्षर मोत्यासारखं झालंय. डोळ्याला पाणी न्हाई आलं. पण मान भरून येते. पडद्याची वरची ओळ वाचायला हनुवटी वर करावी लागते."

अजमतला नवल वाटलं. मॉनिटर तर बराबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवला होता. पण एव्हाना तिच्या शब्दावर त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा बसला होता. तिसऱ्यांदा एसटी पकडून तो गेला. मॉनिटरखालची फळी काढली, पडदा चांगला वीतभर खाली घेतला आणि मागे कलता केला.

"खर्चा वाढवू नको बाबा आता," शेठ म्हणाले. पण पत्रिकांचा गठ्ठा वेळेत निघत होता, म्हणून मॉनिटर परत न्या असं काही ते बोलले नाहीत.

त्यानंतर फोन आला नाही. एक दिवस गेला, चार गेले, आठवडा उलटला. अजमतला चैन पडेना. एवढ्या खटपटीनंतर त्या बाईचं डोकं दुखायचं थांबलं की नाही? दुसरीकडच्या कामासाठी अंबडला आला तसा तो पुढे वडीगोद्रीला उतरला. भर दुपार होती. शेठ रोजच्यासारखे वसुलीला बाहेर गेले होते. पुढच्या खोलीत छपाईचं मशीन धडधडत होतं, त्या आवाजात त्याची चाहूल कुणाला लागली नाही.

आतल्या दारात तो थबकला.

कोपऱ्यातल्या काकांच्या जुन्या, थरथरत्या पडद्यासमोर बेबीनंदा बसली होती. साठवरच्या त्या पडद्याकडे टक लावून ती आरामात पत्रिकेची वेलबुट्टी जुळवत होती, मध्येच गुणगुणत होती. डोळ्यांना तिच्या कसलाच त्रास दिसत नव्हता.

मान न वळवता तिने विचारलं, "काका, आज?"

नव्या मॉनिटरसमोर बसलेल्या कारभारीकाकांनी दुहेरी भिंगांचा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"आज न्हाई दुखलं, पोरी."