चरबीचा चिमटा

शेंद्र्याचे काकासाहेब म्हणजे बोकडांचे जुने व्यापारी. पन्नाशीत पोट सुटलं म्हणून सुनेनं त्यांना उस्मानपुऱ्यातल्या वजन कमी करायच्या सेंटरात आणलं. काटा झाला, टेप झाली, आता चरबी मोजायला चिमटा!

"बोकडाची चरबी आमी नुसत्या हातानं सांगतो," ते करवादले. "लई झालं, सोडा की आता!"

"कधीच सोडलंय, काका," मोजणारी बाई म्हणाली. चिमटा टेबलावर होता आणि ती समोर बसून दोन्ही हातांनी वही चाळत होती.

पोटाची घडी मात्र तशीच उचललेली होती.

मग घडी सुटली. गार बोटं सावकाश पाठीमागं गेली आणि बरगड्यांखाली, कण्याच्या दोन्ही अंगांना दाबून पाहू लागली. काकासाहेब बाजारात अगदी असंच चाचपायचे. बोकड भरलेला वाटला, की शेवटी दात बघायचे.

त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

खालचा ओठ हळूच ओढला गेला.