जखमेची साक्ष

भरपाई न्यायमंडळाच्या बाकावर कुंदाताईंनी पतीच्या कपाळावर पुन्हा हात ठेवला. ताप चढतच होता. शस्त्रक्रियेत गुडघ्यात शिरलेले जंतू कोणत्या रुग्णालयातले, हे इथले यंत्र अचूक सांगत असे. परंतु ते अंगात जिवंत असेपर्यंतच. म्हणून औषधाची बाटली तीन दिवस पिशवीतच होती.

कारकून बाहेर आला. “यंत्र बंद आहे. सोमवारची तारीख घ्या.”

“तोवर यांचा पाय राहील का हो?”

“औषध दिलंत, तर नुकसानभरपाई विसरा, बाई.”

अच्युतराव क्षीण हसले. “थांबू या गं. एवढं सोसलं, आणखी चार दिवस.”

“पुरे झालं तुमचं शहाणपण. आ करा,” कुंदाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या बाजूचा एकमेव साक्षीदार थेंबाथेंबाने मरू लागला.