चिऊ यांनी भरले

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एका बापाची गोष्ट सांगतो. लांबवणार नाही.

पिण्याच्या पाण्याचे जार घरपोच देणाऱ्या कंपनीच्या खिडकीशी एक आजोबा उभे होते. काचेवर नवा कागद डकवलेला : 'बिल तुमच्या सोयीने. वर्षाचं, महिन्याचं, आठवड्याचं.' त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "माझं वर्ष परवा संपतंय. पुढचं आठवड्याचं करून द्या."

खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "आजोबा, वर्षाचं असलं की दोन महिन्यांचं पाणी फुकट असतं. ते जाईल."

"जाऊ दे."

"आणि भरते तर तुमची मुलगी. तिला विचारलंत?"

आजोबांनी फोन काढला, एक जुना संदेश उघडला आणि काचेला लावला. 'चिऊ यांनी भरले. आभार.' नोंदणी करताना लेकीने घरातलंच नाव टाकलं होतं.

"वर्षातून एकदाच येतो हा. आठवड्याचं केलं की बावन्न वेळा येईल."

रांगेतला मागचा माणूस हसला. "त्यापेक्षा फोन लावा की सरळ."

"लावतो ना. 'बाबा, कामात आहे, मग बोलते' म्हणते. खोटं नाही हो बोलत, असतेच कामात. पण हे भरायला तरी क्षणभर थांबत असेल. बाबांचं पाणी, असं येत असेल मनात."

बाईंची बोटं थांबली. "आजोबा, पैसे तिच्या खात्यातून आपोआप जातात. तिला काही करावंच लागत नाही."

"म्हणजे ती बघतसुद्धा नाही?"

"नाही."

आजोबांनी फोन खाली घेतला. त्याची काच सदऱ्याला पुसली. मागचा माणूस उगाच आपली पावती वाचू लागला.

"एक करता येईल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आपोआप जाणं बंद करते. मग दर आठवड्याला तिला विचारणा जाईल आणि तिने स्वतः होकार दिला तरच बिल भरलं जाईल. पण तीन दिवसांत नाही दिला, तर जार बंद. या गुडघ्यांनी पाणी कुठून आणाल?"

"नळाचं उकळून पिईन. करा तुम्ही."

बाईंनी कळ दाबली. पहिली विचारणा गेली.

"आता घरी जा आजोबा. संध्याकाळपर्यंत बघेल ती."

"बसतो जरा. जेवणाची सुट्टी झालीच असेल तिची."

ते भिंतीकडच्या बाकावर टेकले. फोनचा उजेड विझला की अंगठ्याने पुन्हा जागा करत राहिले.

मायबापहो, आज देवापुढे बसाल तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा. तिचे हात घटकाभर कामातून मोकळे होवोत, एवढंच मागा.