ओळखपत्र

कॉलनीत आठवड्यात तिसरी घरफोडी झाल्यापासून एकट्या राहणाऱ्या शिवणकामवाल्या मावशी जीव मुठीत धरून होत्या. पोलिसांचं सूचनापत्रक त्यांना तोंडपाठ झालं होतं. भरदुपारी बेल वाजली, तेव्हा त्यांनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं. “मीटर बघायचाय,” बाहेरचा माणूस म्हणाला. “आधी ओळखपत्र दाखवा!” त्याने निमूटपणे फटीतून कार्ड आत सरकवलं. मावशींना अक्षरांच्या नुसत्या मुंग्या दिसल्या. चष्मा आत मशीनवर राहिला होता. “थांबा हं,” म्हणत त्यांनी दार लोटलं, कडी घातली, वरचा अडसरही सरकवला. पत्रकातली एकही सूचना चुकली नव्हती. तेवढ्यात मागून वाऱ्याची झुळूक आली. धुणं वाळत घातल्यापासून मागचं दार उघडंच होतं. त्या वळण्याआधीच खांद्यावरून एक हात पुढे आला. त्यात चष्मा होता. “घ्या मावशी, सावकाश वाचा.”