गैरहजर

हॉलच्या मागच्या खोलीत, चहाच्या थर्मासांशेजारी, बबडीचा पदवीदानाचा काळा झगा खिळ्याला टांगलेला होता आणि बबडी ॲप्रन बांधून ग्लासांत पाणी ओतत होती. आज पदवी घेणाऱ्यांत ती होती आणि त्यांना चहापाणी देणाऱ्यांतही तीच. शिकता शिकता नोकरी करायची म्हणून परदेशी आलेली. नोकरी मिळाली ती कॉलेजच्याच खानपानाच्या कंत्राटदाराकडे.

सुट्टी मागितली होती हो तिनं. सुपरवायझर आपल्याच भाषेचा, अगदी आपला माणूस. हसून म्हणाला, "अगं, त्याच हॉलमध्ये तर असणारेस! सुट्टी कशाला हवी? नाव आलं की झगा चढव, वर जा, पदवी घे, परत ये. मी आहे ना!" तिचा व्हिसा वाढायचा तो याच्याच सहीनं. बबडीनं मुकाट मान हलवली.

खिशात फोन थरथरला. वडील होते. जन्मभर करखात्यात कारकुनी केलेला माणूस.

"बबडे, अख्खी बिल्डिंग जमलीय आपल्याकडे. टीव्हीवर लावलंय तुमचं सगळं. मी सांगतोय सगळ्यांना, तिकडे कर म्हणून नाहीच! कमवाल ते तुमचं, कुणी काही कापत नाही. बरं, तू कुठे बसलीयस?"

"मागे आहे, बाबा."

"पुढे बसायचं गं! नेहमीचंच तुझं."

माइकवरची नावं तिच्या आडनावाजवळ आली. तिनं ॲप्रनची गाठ सोडली, डोक्यावरची कामाची टोपी काढायला हात घातला, तोच सुपरवायझर धावत आत आला. मंचावर प्रमुख पाहुण्यांना ठसका लागला होता.

"पाणी! चल, पटकन."

"माझं नाव येतंय आता. दुसऱ्या कुणाला तरी..."

"दुसरं कोण रिकामं आहे इथे? ग्लास दे आणि ये. अर्ध्या मिनिटाचं काम. उगाच नखरे नकोत हं, सहीच्या वेळी मलाही आठवतं सगळं."

बबडीनं गाठ पुन्हा बांधली. डोक्यावर तीच कामाची टोपी, तोंडाला मास्क, हातात ट्रे. कडेच्या पायऱ्या चढून ती मंचावर गेली, पाहुण्यांपुढे वाकली, आणि तिचं नाव पुकारलं गेलं. वडिलांच्या नावासकट, स्पष्ट.

प्राचार्य तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. तिची पदवी हातात धरून समोरच्या पायऱ्यांकडे बघत होते. तिनं तोंड उघडलं. पडद्याआडून सुपरवायझरनं डोळे वटारले. नाव पुन्हा पुकारलं. पाहुण्यांनी खोकत खोकत हात पुढे केला. बबडीनं ग्लास उचलला, त्याचं ओलं बूड तळहाताला पुसलं आणि ग्लास त्यांच्या हातात दिला.

"गैरहजर," माइकवाला म्हणाला, आणि पुढचं नाव घेतलं.

मागच्या खोलीत येऊन तिनं ट्रे झग्याखाली ठेवला. रडू येत होतं, संताप येत होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचाच येत होता. "अगं, तो कागद काय, ऑफिसातून कधीही मिळतो. एवढं काय त्यात!" सुपरवायझर म्हणाला आणि बिस्किटांच्या बश्या तिच्यापुढे सरकवल्या.

फोन पुन्हा आला.

"काय गाढव आहे तो कॅमेरावाला!" वडील तापलेच होते. "ऐन तुझ्या नावाला त्या पाणी देणाऱ्या पोरीवर धरून बसला. आणि ती तरी काय, तेव्हाच कडमडायची होती तिला? वर तो गैरहजर म्हणतो!"

"चुकून म्हणाला, बाबा. नंतर घेतली मी."

"तरीच! मी म्हटलंच सगळ्यांना. थांब, आईशी बोल. मघापासून तोंडातून शब्द नाही तिच्या."

फोन आईकडे गेला. पलीकडे माणसांचा कलकलाट होता.

"आई?"

"ग्लासाचं बूड अजून पुसून देतेस," आई अगदी हळू म्हणाली, बाबांना ऐकू जाणार नाही इतकं.

मग पलीकडून आईचाच आवाज आला, मोठा, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा.

"अहो, मला दिसली हो ती! अगदी कडेला होती. झगा काय शोभत होता म्हणून सांगू!"