वाढता आकडा

दूर कुठेतरी एक तारा फुटला, गॅमा किरणांचा भडका उडाला आणि मागे थोडा उजेड उरला. सूनबाई तो रोज दुर्बिणीतून मोजत आणि सासूबाई आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत. एकोणीस, एकवीस, तेवीस. आकडा वाढतोय म्हणून सासूबाई खुशीत. खगोलशास्त्रात उजेड जितका कमी तितका आकडा मोठा. ही उलटी गंगा सांगायचा सुनेला धीर झाला नव्हता. आज सकाळी कॅलेंडरवर पेन्सिल टेकवून सासूबाईंनी विचारलं, "बोल, किती?" "काहीच दिसलं नाही, आई. विझलं. माझा प्रबंध अर्धाच राहिला." "आणि तू सांगतेस ते रेडिओ दुर्बिणीवाले?" "त्यांना अजून महिनाभर लहरी मिळतील. पण ते उजेड बघत नाहीत, नुसत्या लहरी ऐकतात, म्हणून आम्ही त्यांना आंधळे म्हणतो." "फोन लाव. मोतीबिंदूच्या वर्षी तू मला दिसत नव्हतीस, नुसती ऐकू यायचीस. आपलं तेवढंच वर्ष भांडणाशिवाय गेलं." हसू आवरत सुनेनं फोन उचलला.