म्हशीसकट गवळण

घोडेगावच्या भागवतरावांनी घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या आवाजात गवळण रेकॉर्ड केली आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खिडकीबाहेर बांधलेली म्हैस गाण्यात मधेच दोनदा रेकली होती, तरी ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली.

"म्हशीसकट एवढं आवडलं, मग नुसता माझा आवाज ऐकला तर काय म्हणतील," भागवतराव बायकोला म्हणाले.

"त्यापरीस म्हैस लांब बांधा की," जयाबाई म्हणाल्या.

पण भागवतराव पेटले होते. शिकायला सोपं म्हणून लोकांनी सांगितलेली आवाज साफ करायची तीन सॉफ्टवेअर त्यांनी उतरवून पाहिली. दोनांत इतकी बटणं, की गाणं सुरू कुठून करायचं तेच कळेना. तिसरं जमलं. आठवडाभर कीबोर्डशेजारीच ताट ठेवून त्यांनी गाण्यातून म्हैस अशी पुसली, की मागमूस राहिला नाही.

नवी गवळण ग्रुपवर पडली. या खेपेला एकही अंगठा आला नाही. संध्याकाळी म्हशींचे व्यापारी भिमाजी यांचा मेसेज तेवढा आला.



"भागवतराव, म्हैस इकली व्हय? आमाला एका शब्दानं इचारायचं तरी."